अमेरिकेतले कायद्याचे प्रकार: या चुका टाळा

अमेरिकेत कायद्याचा पेच पडला की आपली माणसं आधी चिडतात, मग गुगल करतात. प्रकरण दिवाणी की फौजदारी, राज्याचं की फेडरल (म्हणजे केंद्राचं), हे बघायचं राहूनच जातं. न्यू जर्सीत ओळखीतल्यांची कागदपत्रं वाचून द्यायचं काम माझ्या गळ्यात पडलंय, त्यामुळे त्याच त्या चुका पाहून आता वीट आलाय.

पैसे अडकले की पोलिसांकडे धावणं

पुण्याहून आलेल्या एका मुलाचं २,४०० डॉलरचं डिपॉझिट घरमालकाने कार्पेटवरच्या डागाचं निमित्त करून दाबून ठेवलं. पठ्ठ्या लीज आणि मोबाइलमधले फोटो घेऊन थेट पोलीस स्टेशनात. अधिकाऱ्याने ऐकून घेतलं आणि 'हे सिव्हिल मॅटर आहे' (म्हणजे दिवाणी) म्हणून वाटेला लावलं. मला म्हणतो, "काका, सरळसरळ चारसोबीस आहे हो!" चारसोबीसचा धाक घालून उधारी वसूल करायची आपली सवय इथे चालत नाही. वर मालकाला 'क्रिमिनल केस करीन' असा ईमेलही ठोकून झाला होता. मालक ढिम्म.

खरं तर न्यू जर्सीचा कायदा इथे भाडेकरूच्या बाजूने आहे. घर सोडल्यापासून ३० दिवसांत डिपॉझिट व्याजासकट परत, काही कापलं तर लेखी हिशेब, आणि नाहक अडवल्याचं कोर्टात ठरलं तर दुप्पट. एवढंच लिहून सर्टिफाइड पोस्टाने एकपानी पत्र पाठवायला लावलं. शिवी नाही, आदळआपट नाही. तारखा, आकडा आणि शेवटी 'अन्यथा स्मॉल क्लेम्स', म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांचं कोर्ट. कोर्टाची पायरी चढायच्या आत चेक आला.

राज्यात चालतं म्हणजे सगळीकडे चालतं

न्यू जर्सीत २०२२ पासून प्रौढांना गांजा दुकानात विकत मिळतो. ग्रीन कार्ड आणि नागरिकत्व मात्र फेडरल मामला, फेडरल कायद्यात गांजा बेकायदाच, आणि तिथे 'राज्यात कायदेशीर होतं' ही सबब चालत नाही. पार्टीत कोणीतरी 'काही होत नाही रे' म्हणतो. तो बहुधा जन्माने अमेरिकन असतो.

बाकीच्या थोडक्यात. फौजदारीतून सुटला म्हणजे दिवाणीतून सुटला नव्हे: अमेरिकन फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसन १९९५ मध्ये खुनाच्या आरोपातून सुटला, पण १९९७ मध्ये दिवाणी ज्युरींनी त्याच्यावर ३.३५ कोटी डॉलरची भरपाई बसवली, कारण दिवाणीत पुरावा कमी लागतो. इमिग्रेशन कोर्टातलं प्रकरण दिवाणी धरतात, तेव्हा सरकारी खर्चाने वकील मिळेल या भरवशावर राहू नका. आणि कॅलिफोर्नियातल्या मित्राला मुदत विचारू नका. तिथे डिपॉझिट २१ दिवसांत परत करावं लागतं. तुमच्या घरमालकाला त्याचं काय?

माझी सवय साधी आहे: नोटीस हातात आली की मजकूर नंतर, आधी वरच्या कोपऱ्यातलं शीर्षक. 'स्टेट ऑफ न्यू जर्सी विरुद्ध' तुमचं नाव असेल, तर बहुधा फौजदारी, फोन वकिलालाच. कंपनीचं किंवा माणसाचं नाव असेल तर दिवाणी, आणि लगेच तारीख बघायची. न्यू जर्सीच्या सुपिरियर कोर्टातल्या मोठ्या दाव्यात उत्तराला ३५ दिवस, फेडरल कोर्टात साधारण २१. पाकीट फ्रिजवर तसंच पडलं तर एकतर्फी निकाल लागू शकतो.