ट्रॅफिकच्या आवाजावर काम करायचंय? माझा मुंबईतला अनुभव

सिव्हिल किंवा एन्व्हायर्नमेंटलची मुलं विचारतात, नॉइजमध्ये यायचंय तर कुठलं सॉफ्टवेअर शिकू? माझं उत्तर एकच असतं, सॉफ्टवेअर नंतर, आधी रस्त्यावर उभं राहायला शिका. मी सिव्हिल करून या लाइनीत आलो, मुंबईत मोजणी पण केली आणि मॉडेलिंग पण, आणि माझं मत पक्कं झालंय की आपल्या शहरात आवाजाचा आकडा काढणं सोपं आहे, पण तो आकडा कशाचा, इंजिनचा, टायरचा की हॉर्नचा, हे सांगता येणं हे खरं काम.

डेसिबल लॉगरिदमिक असतो, म्हणजे १० डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते, हे सगळ्यांना पाठ असतं, पण अंगवळणी पडलेलं नसतं. समान वेळ ६० आणि समान वेळ ७० असेल तर सरासरी ६५ नाही, ६७.४ येते, कारण सरासरी ऊर्जेची काढायची. त्याच हिशेबाने बाकी सगळं तसंच ठेवून गाड्या निम्म्या केल्या तरी फक्त ३ डेसिबल उतरतात, आणि कानाला आवाज निम्मा वाटायला साधारण १० उतरावे लागतात. ही गणितं एक्सेलमध्ये स्वतः करून बघा, नुसती वाचून डोक्यात बसत नाहीत.

आता हॉर्नचं बघा, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. समजा रस्त्याच्या कडेला तासभर एकसारखा ६५ डेसिबल आवाज चालू आहे आणि त्या तासात सगळे हॉर्न मिळून फक्त ३६ सेकंद वाजले, आवाज मोजणाऱ्या मीटरपाशी ९० ने. म्हणजे तासाचा जेमतेम एक टक्का, पण तासाचा एलईक्यू, म्हणजे ऊर्जेने काढलेली सरासरी पातळी, सरळ ७१ च्या वर जातो. आणि एल१०, म्हणजे १० टक्के वेळ आवाज ज्या पातळीच्या वर असतो ती पातळी, ती जागची हलत पण नाही! रस्त्याच्या आवाजाचा अंदाज काढायची ब्रिटनची सीआरटीएन पद्धत या एल१० वरच उभी आहे आणि ती सुरळीत वाहणाऱ्या ट्रॅफिकसाठी बनलेली आहे, आपल्याकडे प्रोजेक्टला ती सर्रास वापरतात, पण हॉर्नचा वेगळा विचार न करता दादर टीटीसारख्या गजबजलेल्या चौकाला लावली तर उत्तर चुकणारच. म्हणून एलईक्यू, एल१०, एल९० (९० टक्के वेळ आवाज ज्याच्या वर असतो ती पातळी) आणि एलमॅक्स (सगळ्यात मोठा आवाज) चारही घ्या, आणि शेजारी वही ठेवा. कुठल्या मिनिटाला किती हॉर्न, बस स्टॉपवरून सुटली का, लोडेड ट्रक गेला का, सगळं लिहा. वाहनांची सरमिसळ पण जागेप्रमाणे बदलते, सायन-बांद्र्याच्या दक्षिणेला रिक्षाच नाहीत, त्यामुळे अंधेरीच्या डेटावर बसवलेलं समीकरण परळला आंधळेपणाने चालवू नका.

मोजणीचं थोडक्यात सांगतो. मीटर क्लास १ किंवा क्लास २ (अचूकतेचे दर्जे) चा, ए-वेटिंगवर, म्हणजे माणसाच्या कानाप्रमाणे आवाज तोलणाऱ्या सेटिंगवर, ट्रायपॉडवर १.२ ते १.५ मीटर उंचीला, माइकवर स्पंज हवाच. मीटर तपासायला ठरावीक आवाज देणारा कॅलिब्रेटर ९४ डेसिबलचा, सुरुवातीला आणि शेवटी लावायचा, दोन्हीत अर्ध्या डेसिबलपेक्षा जास्त फरक आला तर ते रीडिंग टाकून द्या, कितीही जीवावर आलं तरी. भिंतीपासून साडेतीन मीटर लांब राहा असं सांगतात, मुंबईच्या फुटपाथवर तेवढी जागा मिळणं मुश्किल, मग भिंतीचं अंतर लिहून ठेवा कारण परावर्तनाने ३ डेसिबलपर्यंत वाढ होऊ शकते. ओल्या रस्त्यावर टायरचा आवाज वाढतो, त्यामुळे पावसाळ्यात सर्वे नको. आणि लोक येऊन विचारतात, "साहेब, मेट्रोचा सर्वे आहे का?" त्यांच्याशी नीट बोला, पण मीटरपासून चार पावलं लांब जाऊन. मोबाइल ॲप शिकायला ठीक आहे, रिपोर्टसाठी नाही.

कायद्याचे आकडे तोंडपाठ हवेत. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०, रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. हॉस्पिटल, शाळा, कोर्टाभोवती १०० मीटर हे शांतता क्षेत्र असू शकतं, आणि भर रस्ता त्यातूनच जातो, पेशंटचं काय होत असेल याचा विचार करून मला खरंच त्रास होतो.

उपायांबद्दल बोलायचं तर आधी उगम बघा. कार साधारण ताशी ५० किलोमीटरच्या वर पळते तेव्हा टायरचा आवाज इंजिनवर मात करतो, म्हणून एक्स्प्रेस हायवेला वेगमर्यादा आणि रस्त्याचा पृष्ठभाग महत्त्वाचा. दादर-परळच्या हिंदमाताला गाड्या रांगतात, तिथे प्रश्न हॉर्न आणि इंजिनचा, आणि इलेक्ट्रिक बसचा फायदा पण अशाच ठिकाणी दिसतो. नॉइज बॅरियर, म्हणजे रस्त्याकडेची आवाज अडवणारी भिंत, गाडी आणि कान यांच्यातली सरळ रेषा तोडतो तेव्हाच कामाचा, नुसती रेषा तुटली तर साधारण ५ डेसिबल, पण फ्लायओव्हरकडे वरून बघणाऱ्या पंधराव्या मजल्याला त्याचा काही उपयोग नाही. मुंबई पोलिसांनी २०२० च्या सुरुवातीला पनिशिंग सिग्नल दाखवला होता, हॉर्नचा आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल सिग्नलचा टायमर पुन्हा पहिल्यापासून, मला तो मनापासून आवडला कारण नेम बरोबर उगमावर होता.

नोकऱ्या पर्यावरण कन्सल्टन्सीत, मेट्रो-रस्त्यांच्या प्रोजेक्टवर आणि बिल्डिंग अकूस्टिक्समध्ये असतात. इंटरव्ह्यूला जाताना सर्टिफिकेटच्या फायलीपेक्षा एक काम न्या. घराजवळचा एक चौक निवडा, कॉलेजचं मीटर मागून घ्या, दिवसा आणि रात्री मोजा, क्यूजीआयएस (नकाशाचं सॉफ्टवेअर) आणि नॉइजमॉडेलिंग (आवाजाचा नकाशा काढणारं सॉफ्टवेअर) दोन्ही फुकट आहेत, त्यात नकाशा बनवा, आणि दोन पानांत लिहा की हॉर्न वगळले तर एलईक्यू कितीने उतरतो. ती दोन पानं चौकातल्या सोसायटीच्या सेक्रेटरीला वाचायला द्या, त्यांना जे कळलं नाही ते पुन्हा लिहा, मग इंटरव्ह्यूला जा.