लाखात किती? सोरायसिसच्या संधिवाताचा आकडा कसा वाचावा

दिंडोरीकडे आमची द्राक्षबाग आहे. 2016च्या गोडी छाटणीत दादाच्या हातातून कात्री दोनदा गळून पडली. उजव्या हाताचं मधलं बोट मुळापासून टोकापर्यंत गाजरासारखं सुजलं होतं. कोपरांवर सोरायसिसचे चट्टे जुनेच होते, पण त्यांचा बोटाशी संबंध असेल असं कुणाच्या मनात आलं नाही. आमवाताच्या संशयात रक्तात बघतात तो आरए फॅक्टर निगेटिव्ह आला, "संधिवात नाही" हे ऐकून आम्ही नाशिकहून परतलो. खरं निदान, म्हणजे सोरायसिसमुळे होणारा संधिवात, व्हायला 2019 उजाडलं.

तेव्हापासून या आजाराचा "लाखात इतके" असा आकडा वाचला की मी विचारतो, यात दादा कुठल्या साली धरला गेला असता? तुम्हीही आकडा असाच वाचा.

आधी बघा, आकडा नव्या रुग्णांचा आहे की एकूण रुग्णांचा. पावसाळ्यात आपण गंगापूर धरणाची आवक आणि साठा वेगवेगळा बघतो, तसंच हे. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात ओल्मस्टेड नावाची काउंटी आहे. तिथे कित्येक दशकं रहिवाशांचे उपचाराचे कागद एकत्र जोडून ठेवले जातात. 1970 ते 79 या काळात तिथे लाख प्रौढांमागे वर्षाला सुमारे 3.6 नवे रुग्ण सापडत. 1990 ते 2000 मध्ये 9.8. पुढे 2000 ते 2017 मध्ये सुमारे 8.5, म्हणजे आवक आणखी वाढली नाही. साठा मात्र 2000 मध्ये लाखात 158 होता, तो 2015 मध्ये 181 झाला. इस्राएलमध्ये तर 2006 ते 2015 या काळात नव्या रुग्णांचं प्रमाण जवळपास स्थिर राहूनही साठा दुपटीने वाढला. कारण हा आजार औषधांनी आटोक्यात राहतो, पण मुळातून जात नाही. आत आलेलं पाणी सहसा बाहेर पडत नाही. म्हणून साठा फुगलेला दिसला की लगेच "साथ आली" म्हणू नका.

मग विचारा, मोजलं कुठे? वरचे आकडे फायलींतून आलेत. फायलीत निदान लिहिलेलं नसेल तर माणूस मोजलाच जात नाही. दादा तीन वर्षं असाच बाहेर राहिला असता. याउलट आपल्या पुणे जिल्ह्यात, भिगवणला, डॉ. अरविंद चोप्रा यांनी 1996 मध्ये घरोघर जाऊन सांधेदुखी विचारण्याचं काम सुरू केलं. दारात जाऊन केलेली मोजणी आणि फायलीतली मोजणी एका तराजूत घालू नये.

आता मोजपट्टी. गोदावरीच्या दोन पुरांची तुलना जमते, कारण पुराची पातळी ज्याच्यावरून मोजतात तो नाशिकच्या नदीपात्रातला दुतोंड्या मारुती जागचा हलत नाही. या आजाराचा मारुती 2006 मध्ये नव्याने बसवला गेला, कॅस्पर निकष म्हणून. सांध्यांत दाह असेल आणि किमान 3 गुण जमले तर हा आजार धरायचा. अंगावर सोरायसिस असेल तर 2 गुण, अख्खं बोट सुजलं तर 1, नखांतल्या खुणांना 1, आणि आरए फॅक्टर निगेटिव्ह असेल तर त्यालाही 1. हे वाचलं तेव्हा मी सुन्न झालो. ज्या रिपोर्टवर आम्ही निर्धास्त झालो, तो याच आजाराच्या बाजूने साक्ष देत होता. 2016 मध्येच दादाचे 4 गुण भरत होते.

ओल्मस्टेडमध्ये जुन्या फायलींनाही हीच पट्टी लावली, म्हणून तिथलं 3.6 आणि 9.8 शेजारी ठेवता येतं. तरीही वाढीतला काही भाग डॉक्टरांची नजर तयार झाल्याचा असू शकतो.

नाशिकला गुणाकार करायचा मोह टाळा. 2011च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 14,86,053 होती. त्याला लाखात 181 लावले की सुमारे 2,690 येतात. पण ते 181 प्रौढांमागचे आहेत, आणि मुख्यतः गोऱ्या वस्तीतले.

शेवटी भाजक बदलून बघा. सगळ्या लोकांत हा आजार विरळा, पण सोरायसिस असलेल्यांत साधारण पाचातल्या एकाला होतो. बहुतेकांना आधी त्वचेवर आणि काही वर्षांनी सांध्यांत. घरात सोरायसिस असेल तर तुमच्या कामाचा आकडा हा.

अशा घरात महिन्यातून एकदा उजेडात नखं बघा: शिवणकामाच्या अंगुस्तानासारखे बारीक खड्डे आहेत का, नख खालच्या कातडीपासून सुटलंय का. टाच दुखते का, सकाळी सांधे अर्ध्या तासापेक्षा जास्त आखडतात का, हे विचारा. बोट सुजलं तर त्याच दिवशी मोबाईलवर फोटो काढा, कारण अपॉइंटमेंटपर्यंत कधी कधी सूज उतरते आणि दाखवायला काही उरत नाही. तो फोटो घेऊन संधिवाततज्ज्ञाकडे जा आणि सोरायसिस आहे हे पहिल्याच वाक्यात सांगा. सहा महिन्यांच्या उशिरानेही हाडं झिजलेली आढळतात. दादाचं मधलं बोट आता पूर्ण मिटत नाही. छाटणीला तो कात्री डाव्या हातात धरतो.