पुण्यात नव्यानं आलात? घरचं नेट सारखं जात असेल तर हे करून बघा

लातूर, नांदेड, परभणीकडून नोकरीसाठी पुण्यात आलेल्या पोरापोरींचा पहिल्या महिन्यात एक प्रश्न ठरलेला असतो: "दादा, नेट सारखं जातंय, काय करू?" मीही लातूरचाच, बरीच वर्षं धायरीत राहतोय. नव्या नोकरीत ऐन मीटिंगमध्ये नेट गेलं की कसा जीव टांगणीला लागतो, ते मला चांगलं माहीत आहे. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

केबलवाल्याला फोन लावण्याआधी एवढं शोधा, की बिघाड घरात आहे, इमारतीत आहे की त्याच्या पलीकडे. नाहीतर "राउटर बंद करून चालू करा" यापलीकडे काही ऐकायला मिळणार नाही.

राउटरची लॅन केबल थेट लॅपटॉपला लावा आणि स्पीड टेस्ट करा. तारेवर वेग पूर्ण मिळतोय आणि वायफायवर रखडतोय, तर दोष घरातला आहे. वाकड, हिंजवडी, खराडीच्या दाटीच्या इमारतींत प्रत्येक फ्लॅटमध्ये राउटर आहे, आणि वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर ते सगळे एकमेकांच्या आड येतात. तिथे एकमेकांवर न चढणारे चॅनेल (राउटरच्या सेटिंगमध्ये निवडता येणारे मार्ग) तीनच: १, ६ आणि ११. शक्य असेल तर ५ गिगाहर्ट्झ वापरा. ते भिंतीपलीकडे कमी पोचतं, म्हणून राउटर दारामागच्या चपलांच्या कपाटातून काढून कामाच्या खोलीत आणा. वायर वाढवून द्यायला केबलवाला सहसा तयार असतो.

तारेवरही वेग कमी असेल तर आकडा नीट बघा. प्लॅन २०० एमबीपीएसचा आणि टेस्ट कायम ९४-९५ वर अडकत असेल, तर ते कंपनीच्या लाइनमुळे असण्याची शक्यता कमी. लॅन केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. १०० एमबीपीएसला दोन पुरतात, गिगाबिटला (१००० एमबीपीएसला) चारही लागतात. एखादी जोडी तुटली, किंवा राउटरचं पोर्टच १०० चं असलं, की गाडी तिथेच थांबते. कनेक्टर नव्यानं बसवून घ्या. आणि डाउनलोड 'फक्त १२ एमबी' दिसतंय म्हणून भांडू नका, १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट, आणि आठ बिटचा एक बाइट, म्हणून त्याचे साडेबारा मेगाबाइटच होतात.

आता इमारत. बऱ्याच ठिकाणी कनेक्शन गच्चीवरच्या किंवा जिन्यातल्या डब्यातल्या स्विचमधून (एका लाइनवरून अनेक घरांना नेट वाटणाऱ्या यंत्रातून) येतं. त्या स्विचची वीज सोसायटीच्या कॉमन मीटरवर असते. पुण्यात महावितरणची दुरुस्तीची कामं बहुधा गुरुवारी निघतात. तेव्हा तुमचा इन्व्हर्टर चालू असला तरी वरचा स्विच बंद पडतो आणि नेट जातं. त्या डब्याला बॅटरी आहे का, हे पहिल्याच दिवशी विचारा. स्वतःच्या राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घ्या, पण गच्चीवर बॅटरी नसेल तर त्याचा उपयोग नाही.

फायबर असेल तर काम सोपं. घरातल्या फायबरच्या डब्यावर 'लॉस'चा (LOS) लाल दिवा लागला म्हणजे प्रकाशच पोचत नाही. पिवळी वायर कुठे मुडपली आहे का बघा, नसेल तर लाइनमनला बोलवा. तो मीटर लावेल तेव्हा "पॉवर किती येतोय?" असं विचारा. उणे २० डीबीएमच्या (प्रकाशाची ताकद मोजायचं एकक) आसपास असेल तर उत्तम, उणे २७ च्या खाली गेला तर लाइन तुटत राहणार. पावसाळ्यात झाडांवरून ओढलेल्या वायरींची हीच गत होते. जुन्या जाड टीव्ही केबलवरचं मोडेम असेल, तर सैल कनेक्टर आणि वाटेतला स्प्लिटर (एका केबलच्या दोन-तीन करणारा जोड) आधी तपासा.

पैशांचं बोलायचं तर वर्षाचा पॅक स्वस्त वाटतो, पण भाडेकरार ११ महिन्यांचा असतो. पहिला महिना सुटा घ्या आणि रात्री नऊ-दहाला, सगळे घरी असताना, वेग तपासा. त्याच विंगमधल्या शेजाऱ्याला विचारा. समोरच्या विंगचा अनुभव वेगळा असू शकतो.

तक्रार तोंडी करू नका, डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) घ्या. नेट कधी गेलं, कधी आलं, कोणता दिवा लागला होता, हे लिहून ठेवा. ट्रायच्या (दूरसंचार कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या) २०१२ च्या नियमांनुसार कंपनीच्या तक्रार केंद्रात दाद लागली नाही, तर तिच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, तेव्हा तिथे अर्ज करण्यात वेळ घालवू नका. अपिलात डॉकेट नंबर आणि तुमची वेळांची नोंद दोन्ही जोडा.