पासाउ ते बुडापेस्ट सायकलवर: बेत आखतानाच होणाऱ्या या चुका टाळा

डॅन्यूबकाठची सायकलवाट म्हणजे परदेशी सायकलस्वारीची बालवाडी, असं आम्हाला सांगितलं होतं. जर्मनीतल्या पासाउपासून बहुतेक वाट सपाट, जर्मनी, ऑस्ट्रिया, स्लोव्हाकिया, हंगेरी असे चार देश आणि साधारण साडेसहाशे किलोमीटर. ताम्हिणी नि वरंधा चढलेल्या मांड्यांना त्यात काय अवघड? मांड्यांना काही झालं नाही. घोळ घातला तो पुण्यात बसून केलेल्या भागाकाराने.

अंतराला दिवसांनी भागणं

साडेसहाशे भागिले आठ, म्हणजे रोज ऐंशी. हिशेब चोख, पण बघण्यासारखं काही असं दर ऐंशी किलोमीटरला सारखं वाटून ठेवलेलं नसतं. ऑस्ट्रियातला मेल्क ते क्रेम्स हा वाखाऊ खोऱ्याचा टप्पा जेमतेम 35 किलोमीटरचा. 2000 मध्ये तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. दगडी बांध घालून उतारावर लावलेले द्राक्षमळे, जर्दाळूच्या बागा, आणि ड्यूर्नश्टाइनचा तो पडका किल्ला, जिथे इंग्लंडचा राजा रिचर्ड 1192 च्या हिवाळ्यात कैदेत होता. हे सगळं आम्ही अडीच तासांत उरकलं, कारण रात्रीचं बुकिंग पुढे तुल्नला होतं. किल्ला खालूनच पाहिला. अजून चुटपुट आहे.

उलट ब्रातिस्लाव्हाच्या पुढे गाब्चिकोवो धरणाच्या कालव्याचा बांध लागतो. सरळसोट, सावली नाही, वळण नाही. तिथेही आम्ही इमानेइतबारे ऐंशीच केले! तिथे शंभर करा आणि वाचलेला दिवस वाखाऊला द्या. आधी थांबायच्या जागा नकाशावर मांडा, मग मुक्काम ठरवा.

काठ न ठरवता निघणं

ऑस्ट्रियात बराच काळ दोन्ही काठांनी वाट आहे, त्यामुळे कुठूनही गेलं तरी चालेल असं वाटतं. तसं नाही. श्लोगेनपाशी नदी जवळजवळ उलटी फिरते, आणि तिथे उत्तर काठावर एका टप्प्यात सायकलवाटच नाही. पुढे जायचं तर होडी, आणि होड्या हंगामातच, ठरावीक वेळेतच चालतात. शेवटची चुकली तर मागे फिरून काठ बदलण्यात संध्याकाळ जाते. वेळा आदल्या रात्री बघून ठेवा. वाखाऊत मात्र मुद्दाम काठ बदला: गावं उत्तरेला आहेत, पण ड्यूर्नश्टाइनचा निळा मनोरा खुलतो तो समोरच्या काठावरून. श्पित्सची होडी तर इंजिनाशिवाय, दोराला बांधून प्रवाहाच्या जोरावर पलीकडे जाते.

स्वस्त विमानाप्रमाणे दिशा ठरवणं

बुडापेस्टचं तिकीट स्वस्त मिळालं म्हणून उलटं निघू नका. वारा बहुधा पश्चिमेकडून असतो. उघड्या बांधावर तो चढापेक्षा वाईट, कारण चढ कधीतरी संपतो. बुडापेस्टला उतरलात तरी आधी रेल्वेने पासाउ गाठा. मात्र लांब पल्ल्याच्या गाड्यांत सायकलची जागा आधी राखून ठेवावी लागते, आणि उन्हाळ्यात ती लवकर भरते. ई-सायकल घरून न्यायचा विचार असेल तर सोडून द्या: 160 वॉट-तासांपेक्षा मोठी बॅटरी प्रवासी विमानात चालत नाही. भाड्याने घ्या.

सपाट म्हणजे सोपं समजणं

घाटात आपण चढताना सीटवरून उठतो, उतारावर पाय थांबवतो. सपाटीवर दोन्ही नाही. तासन् तास एकाच जागी बसून पॅडल. तिसऱ्या दिवशी आमच्यातला एक जण कण्हत उभ्यानेच जेवला. दर वीस मिनिटांनी ठरवून उठा, पॅडवाली शॉर्ट घाला, तिच्या आत काही घालू नका. कातडी सोलवटलीच तर दुसऱ्या दिवशीचे किलोमीटर निम्मे करा. सरावही घाटात नको, सपाट रस्त्यावर न थांबता तीन-चार तासांचा करा.

व्हिसाकडे शेवटी बघणं

चार देशांना एकच शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांचा सामाईक व्हिसा, पुरतो. अर्ज मात्र जिथे सर्वाधिक दिवस राहणार त्या देशाकडे करायचा. या वाटेवर तो बहुधा ऑस्ट्रिया, म्हणजे वाखाऊत वाढवलेला दिवस इथेही मोजला जातो. दिवस सारखे पडले तर पहिल्या प्रवेशाचा देश. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. पुढे सर्बियातून काळ्या समुद्रापर्यंत जायचं मनात असेल तर सावध: सर्बिया शेंगेनमध्ये नाही, रोमानिया आहे. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा असेल तर सर्बियात गेल्यावर परतीचं दार बंद.

पैशांचं थोडक्यात: स्लोव्हाकियात युरो, हंगेरीत फोरिंट.

राहिला रविवार. जर्मनी-ऑस्ट्रियात त्या दिवशी किराणा दुकानं बंद, आणि ऑस्ट्रियात शनिवारीही ती संध्याकाळी सहालाच मिटतात. आम्ही सव्वासहाला पोचलो. रविवारी दुपारपर्यंत चौघांत मिळून पुण्याहून नेलेल्या दोन पाकिटं चिक्कीवर सायकल हाणली.