फॅमिली डॉक्टरांना स्मृतिभ्रंश ओळखण्याचे प्रशिक्षण कसे द्यावे

पुण्यातील वृद्ध रुग्ण सहसा प्रथम न्यूरॉलॉजिस्टकडे जात नाही; तो महापालिकेच्या दवाखान्यात, मुळशी-हवेलीतील प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा पेठेतल्या फॅमिली डॉक्टरांकडे, बहुधा रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी येतो. त्यामुळे प्रशिक्षणाची सुरुवात औषधांऐवजी प्रश्नांपासून करावी. सोबत आलेल्या सुनेशी किंवा मुलाशी स्वतंत्रपणे बोलून पैशांचा हिशेब, गोळ्या घेणे, नेहमीच्या बसने जाणे, स्वयंपाक यांत वर्षभरात काय बदलले, हे विचारण्याचा सराव प्रत्येकाकडून करून घ्यावा. ‘वय झालं, चालायचंच’ या उत्तरावर थांबू नये.

मिनी-कॉग ही तीन शब्द आणि घड्याळाचे चित्र यांवर आधारलेली छोटी चाचणी शिकवावी. मात्र शाळेची पायरी न चढलेल्या आजींना घड्याळ काढता आले नाही, तर तेवढ्यावरून निदान करू नये.

सर्वाधिक वेळ सारख्या दिसणाऱ्या आजारांना द्यावा, कारण त्यांतले काही बरे होतात. गोंधळ काही तासांत किंवा दिवसांत सुरू झाला असेल आणि दिवसभरात कमी-जास्त होत असेल, तर प्रलाप (डिलिरियम, म्हणजे अचानक उद्भवणारा मानसिक गोंधळ) समजून लघवीचा जंतुसंसर्ग, सोडियम, साखर तपासावी. नैराश्य, थायरॉइड आणि बी-१२ यांचा विचार प्रत्येक वेळी व्हावा; शाकाहारी आणि दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्या मधुमेहींत बी-१२ची कमतरता वारंवार आढळते. घरातील सर्व औषधांची पिशवी मागवून ती टेबलावर रिकामी करणे हा माझ्या मते सर्वांत उपयुक्त धडा आहे: झोपेच्या गोळ्या, अ‍ॅमिट्रिप्टिलिन (नैराश्यावरचे जुने औषध), सर्दीच्या औषधातील क्लोरफेनिरामिन यांनीही स्मृती मंदावते.

६५ वर्षांखालील रुग्ण, काही आठवड्यांत झपाट्याने झालेली घसरण, डोक्याला मार, फिट किंवा चाल बिघडून लघवीवरचा ताबा सुटणे, अशी लक्षणे असल्यास रुग्णाला विलंब न करता तज्ज्ञांकडे पाठवावे.

अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या प्रकारात डोनेपेझिल हे स्मृतीसाठीचे औषध ५ मिलिग्रॅमने, नाडीचा वेग पाहून सुरू करावे. ते आजार बरा करत नाही, हे घरच्यांना स्पष्ट सांगावे. रुग्ण चिडू लागल्यास आधी वेदना, बद्धकोष्ठता, संसर्ग शोधावेत. अँटिसायकोटिक (मनोविकारांवरील, भ्रम-भास कमी करणाऱ्या) औषधांनी अशा वृद्धांत पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो, म्हणून ती अखेरचा उपाय म्हणून, अल्प काळासाठीच द्यावीत.

प्रत्येक भेटीत काळजी घेणाऱ्या व्यक्तीची झोप आणि मनःस्थिती विचारावी, रुग्णाच्या खिशात पत्ता आणि फोन क्रमांकाची चिठ्ठी ठेवायला सांगावे आणि गरजेनुसार टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक द्यावा. एका सत्रावर भागत नाही. डॉक्टरांनी दरमहा आपापले रुग्ण चर्चेसाठी आणावेत.