सतरा नंबरचा फॉर्म आणि हरवलेला दाखला

नववीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. चाळिशी ओलांडल्यावर ठरवलं, दहावी करायचीच. बाहेरून बसायचं तर सतरा नंबरचा फॉर्म भरायचा, हे ठाऊक होतं. अडलं ते शाळा सोडल्याच्या दाखल्यावर. माझा दाखला घर बदलताना कुठेतरी गेला होता.

जुन्या शाळेत गेले, तर क्लार्क म्हणाले, "ताई, रजिस्टर नंबर सांगा. इतकी वर्षं कोण शोधत बसणार?" दोन खेपा फुकट गेल्या. मग रात्री एकदम सुचलं, धाकट्या भावाचा दाखला आईच्या ट्रंकेत आहे! आम्हा दोघांची नावं शाळेत एकाच दिवशी घातली होती. त्याच्या दाखल्यावर जनरल रजिस्टरचा नंबर होता. माझी नोंद त्याच्या दोन ओळी वर सापडली. लेखी अर्ज दिला, डुप्लिकेट दाखला मिळाला.

पुढचा घोळ नावाचा. दाखल्यावर माहेरचं, आधारवर सासरचं. फॉर्मवर दाखल्याप्रमाणेच नाव घातलं, सोबत विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र नेलं, आणि संपर्क केंद्राच्या, म्हणजे बाहेरून बसणाऱ्यांना नेमून दिलेल्या शाळेतल्या मॅडमना आधीच दाखवून घेतलं. तिथे नेमलेल्या दिवशी जावंच लागतं, कारण गणितात लेखी ८० असले तरी उरलेले २० अंतर्गत मूल्यमापनाचे असतात.

बीजगणित मुलगी शिकवते. चुकलं की ओरडते, अगदी माझ्यासारखीच.