रस्त्यावर उभ्या गाडीसाठी घरचा कॅमेरा: या चुका टाळा

आमची इमारत मुलुंड पूर्वेला, जुनी, चार मजली. ती बांधली तेव्हा घरटी गाडी असेल असं कुणाच्या डोक्यातही आलं नसेल, त्यामुळे पार्किंग नाही. गाड्या गल्लीत, झाडाखाली. गाडी घेतली त्याच महिन्यात दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या ग्रिलला मी कॅमेरा लावून घेतला. बसवायला आलेला मुलगा म्हणाला, "मॅडम, वरून अख्खी गल्ली दिसते." खरंच दिसत होती. मी निश्चिंत झाले.

मग जुलैतल्या एका पावसाळी रात्री गाडीचे दोन्ही साइड मिरर गेले. सकाळी रेकॉर्डिंग काढून पाहिलं. एक माणूस येतो, वाकतो, चाळीसेक सेकंदांत दोन्ही बाजूंचं काम उरकतो आणि निघून जातो. त्याच्या डोक्यावर टोपी होती, हे मी खात्रीने सांगू शकते. बाकी काहीच नाही. पोलीस ठाण्यात हवालदारांनी क्लिप दोनदा पाहिली आणि विचारलं, "ताई, चेहरा कुठंय यात?"

त्या प्रश्नाला उत्तर नव्हतं. त्यानंतर मी या विषयात जे शिकले, चुकले आणि दुरुस्त केलं, ते लिहिते आहे. आपल्याकडे शेकडो कुटुंबांची गाडी रात्रभर अशीच रस्त्यावर असते. तुमच्यावर ती सकाळ येऊ नये असं मनापासून वाटतं.

अख्खी गल्ली दिसते, पण माणूस ओळखू येत नाही

सगळ्यात मोठी चूक ही, आणि बहुतेक घरांत हीच असते. बाजारात सर्रास मिळणाऱ्या कॅमेऱ्याची लेन्स २.८ मिलिमीटरची असते. ती खूप रुंद बघते, म्हणून मोबाइलवर चित्र छान भरगच्च दिसतं. पण हिशेब करून बघा. आमच्या ग्रिलपासून गाडी तिरकी मोजली तर साधारण १२ मीटर. एवढ्या अंतरावर २.८ ची लेन्स पंचवीस-तीस मीटर रुंदीचा पट्टा पकडते. दोन मेगापिक्सेलच्या चित्रात आडवे १९२० ठिपके, म्हणजे पिक्सेल असतात, म्हणजे एका मीटरच्या वाट्याला सत्तरच्या आसपास. माणसाचा चेहरा असतो जेमतेम सोळा सेंटिमीटर रुंद. त्याला मिळाले दहा-बारा ठिपके. एवढ्यात पोटचा मुलगासुद्धा ओळखू येणार नाही.

अनोळखी माणसाची ओळख पटवायची तर मीटरला २५० ठिपके हवेत, असा आंतरराष्ट्रीय मानकाचा दंडक आहे. तेच अंतर, तोच दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा, पण लेन्स १२ मिलिमीटरची घेतली, तर पट्टा पाच-साडेपाच मीटरचा होतो. गाडी चार मीटरची, ती बरोबर मावते, आणि चेहऱ्याला पन्नासच्या वर ठिपके मिळतात. म्हणून विकत घेताना "किती मेगापिक्सेल?" याच्या आधी "लेन्स किती मिलिमीटरची?" हे विचारा. मिलिमीटर कमी-जास्त करता येणारी, म्हणजे व्हेरिफोकल लेन्स मिळाली तर थोडे पैसे जास्त गेले तरी घ्या. गल्ली बघायची हौस असेल तर त्यासाठी दुसरा स्वस्त कॅमेरा ठेवा. एकाच कॅमेऱ्याकडून दोन्ही कामं होत नाहीत.

उंचीचं गणितही असंच. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरून टकलं दिसतात, टोप्या दिसतात, छत्र्या दिसतात. चेहरा दिसायला कॅमेरा जमिनीपासून अडीच-तीन मीटरवर हवा. आम्ही तळमजल्यावरच्या काकांना विनंती केली. त्यांच्या खिडकीच्या छज्जाखाली कॅमेरा बसवला, वायर वर आमच्या घरात घेतली आणि वीज आमचीच वापरली. त्याआधी सोसायटीच्या कमिटीला साधं पत्र दिलं. सोसायटीची भिंत सगळ्यांची असते. न विचारता ड्रिल मारलं की त्यातून जे सुरू होतं ते वर्षभर मिटत नाही.

रात्रीच्या चुका

दुपारी तपासून पास केलेला कॅमेरा रात्री नापास होतो. चोर तर रात्रीच येणार.

अंधारात कॅमेरा स्वतःचा इन्फ्रारेड दिवा लावतो. आपल्या डोळ्यांना तो दिसत नाही, पण जवळच्या ग्रिलवर, एसीच्या आउटडोअर युनिटवर, पांढऱ्या पाइपवर आपटून तो परत लेन्समध्ये येतो. कॅमेऱ्याला वाटतं भरपूर उजेड आहे, मग तो चित्र काळं करतो. ग्रिलची सळी लखलखीत आणि मागची गाडी काळोखात, असं दिसलं तर कारण हेच. कॅमेरा ग्रिलच्या बाहेर काढा, किंवा इन्फ्रारेड बंद करून रस्त्याच्या दिव्याच्या उजेडावर भरवसा ठेवा. स्लायडिंग खिडकीच्या काचेआडून बघणाऱ्या कॅमेऱ्याचा इन्फ्रारेड तर बंदच ठेवावा लागतो. बॅटरीवर चालणारे जे कॅमेरे अंगाच्या उष्णतेवरून हालचाल ओळखतात, ते काचेआडून आंधळेच असतात.

नंबर प्लेटचा घोटाळा वेगळा. १ एप्रिल २०१९ पासून तयार झालेल्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट सक्तीची आहे आणि तिचा पत्रा प्रकाश सरळ माघारी फेकतो. समोरून इन्फ्रारेड पडला की प्लेट पांढरीफटक, आकडा गायब. चोर बाइकवरून आला असेल तर तुम्हाला तोच आकडा हवा असतो. कॅमेरा थोडा तिरपा ठेवा, इन्फ्रारेडची तीव्रता कमी करा. शिवाय रात्री कॅमेरा शटर सावकाश चालवतो, सेकंदाचा पंचविसावा भाग. उभी गाडी स्पष्ट दिसते आणि चालता माणूस पुसट. सेटिंगमध्ये शटर हाताने बदलता येत असेल तर ते वेगवान करून बघा. चित्र थोडं काळवंडेल, पण चेहऱ्याचा फराटा होणार नाही. गाडीजवळ दहा-बारा वॉटचा एक साधा एलईडी दिवा लावता आला तर यातले निम्मे प्रश्न सुटतात.

पावसाळ्यात इन्फ्रारेडच्या उबेला किडे येतात, किड्यांमागे कोळी. लेन्ससमोरचा एक धागा रात्री दोरखंडाएवढा दिसतो. मी दर आठवड्याला मऊ ब्रशने जाळं काढते. कबुतरांसाठी वर प्लास्टिकच्या काट्यांची पट्टी लावली आहे. जूनच्या आधी इमारतीला निळी ताडपत्री लागते किंवा गणपतीत कोपऱ्यावर मंडप उभा राहतो, तेव्हा कॅमेऱ्यासमोर काही आडवं आलं नाही ना, हे बघून ठेवा.

घड्याळ

ही चूक सांगताना अजून जीव खालीवर होतो. आमच्या रेकॉर्डिंगवर चोरीची वेळ होती ४ वाजून ५२ मिनिटं. कोपऱ्यावरच्या मिठाईच्या दुकानाचा कॅमेरा रस्त्याकडे तोंड करून आहे. मालक भला माणूस, त्याने लगेच पावणेपाच ते पाचचं रेकॉर्डिंग दाखवलं. त्यात कुणीच नव्हतं. एक पाववाला सायकलवरून गेला, बस.

दहा-बारा दिवसांनी सहज मोबाइलच्या घड्याळाशी ताडून पाहिलं, तेव्हा कॅमेरा अडीच तास पुढे निघाला. परदेशातून आलेला कॅमेरा तिथल्याच वेळेवर चालत होता. चीनची वेळ आपल्यापेक्षा बरोबर अडीच तास पुढे आहे. म्हणजे चोरी झाली होती २ वाजून २२ मिनिटांनी. मी धावत दुकानात गेले. त्यांच्या मशीनमध्ये आठवडाभराचंच राहतं, त्यावर नवं रेकॉर्डिंग चढलं होतं.

तुमच्या कॅमेऱ्यात आज टाइम झोन बघा. अधिक ५:३० असायला हवा आणि वेळ इंटरनेटवरून आपोआप जुळण्याची सोय चालू हवी. वीज जाऊन आल्यावर काही कॅमेरे पुन्हा जुन्या तारखेवर जातात, तेही बघा.

कार्ड, वायफाय, वीज

यावर फार लांबण लावत नाही. सेकंदाला दोन मेगाबिटने सलग रेकॉर्डिंग केलं तर दिवसाला सुमारे २१ जीबी लागतात, म्हणजे १२८ जीबीचं कार्ड सहा दिवसांत भरतं आणि जुनं पुसलं जातं. गावी चार दिवस जास्त राहिलात की पुरावा गेला. साधी मेमरी कार्डं सततच्या लिहिण्याने मरतात आणि मेल्याचं सांगत नाहीत, म्हणून कॅमेऱ्यासाठीचं हाय एन्ड्युरन्स कार्ड घ्या आणि महिन्यातून एकदा आदल्या रात्रीची क्लिप उघडून बघा.

वायफायवर चालवणार असाल तर २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरा, तो भिंतीतून जास्त लांब जातो. शक्य असेल तर सरळ केबल ओढा. केबल भिंतीत शिरते तिथे खाली एक झोळ ठेवा, म्हणजे पाणी तिथून गळून जातं, आत येत नाही. जोड उघडा लोंबत ठेवू नका. मुंबईच्या दमट हवेत तो एका पावसाळ्यात हिरवा पडतो. वीज गेली की कॅमेरा आणि राउटर दोन्ही झोपतात, तेव्हा दोघांनाही छोटा यूपीएस द्या.

सूचनांचा भडिमार

मोबाइलवर दर दोन मिनिटांनी 'हालचाल दिसली' असं येऊ लागलं की माणूस तिसऱ्या दिवशी आवाज बंद करतो. माझाही बंदच होता. फांदी हलली, कुत्रं गेलं, गाडीचं कव्हर फडफडलं, सगळ्याला तीच घंटी. सेटिंगमध्ये फक्त गाडीभोवती हातभर जागेची चौकट आखा, माणूस ओळखण्याची सोय चालू करा आणि सूचना रात्री अकरा ते सहा एवढ्याच ठेवा. कव्हर घालत असाल तर खालून दोरीने करकचून बांधा. सूचना आली तर एकट्याने खाली धावू नका. वॉचमनला उठवा, ११२ ला फोन करा.

समोरच्यांची खिडकी आणि पासवर्ड

कॅमेऱ्यात समोरच्या इमारतीचं बेडरूम येत असेल तर ते झाका. प्रायव्हसी मास्क नावाची सोय असते, तेवढा भाग काळा होतो. झाकल्यावर समोरच्यांना मोबाइलवर दाखवा, त्यांचाही जीव शांत होतो.

कंपनीने दिलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने जगभरचे लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणारी मशीन, ताब्यात घेतले होते, तेही अशा न बदललेल्या पासवर्डच्या जोरावर.

चोरी झालीच तर

क्लिप व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवून मूळ फाइल विसरून जाणं, ही शेवटची आणि महागात पडणारी चूक. व्हॉट्सअ‍ॅप व्हिडिओ दाबून लहान करतं, असलेले ठिपकेही जातात. सगळ्यात आधी कार्ड काढून बाजूला ठेवा, म्हणजे त्यावर नवं चढणार नाही. मूळ फाइल पेनड्राइव्हवर घ्या, चोरीच्या आधीची आणि नंतरची अर्धा-अर्धा तास धरून.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार अशा रेकॉर्डिंगच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलची हॅश किंमत, म्हणजे फाइल जराही बदलली तर बदलणारा तिचा आकडे-अक्षरांचा ठसा, लिहावी लागते. आधीच्या कायद्यात हेच कलम ६५ब होतं. त्यावरचा महत्त्वाचा निकाल आपल्या महाराष्ट्रातलाच आहे. जालना विधानसभेच्या २०१४ च्या निवडणुकीत उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत दाखल झाला की नंतर, हा वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डिंगवर लढला गेला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रतीला प्रमाणपत्र हवंच, मूळ उपकरणच कोर्टात हजर केलं तर त्याची गरज नाही. म्हणून कार्ड आणि कॅमेरा जपून ठेवा, तपास अधिकाऱ्याने मागितलं तर द्या आणि दिल्याची पोच घ्या.

नवा कॅमेरा बसवल्यावर आम्ही पहिली चाचणी रात्री एक वाजता घेतली, तीही पाऊस पडत असताना. माझा भाऊ टोपी घालून गाडीपाशी गेला, मिररला हात लावला आणि परत आला. वर क्लिप पाहिली. कपाळापासून नाकापर्यंत सगळं टोपीच्या सावलीत होतं. दुसऱ्या दिवशी कॅमेरा वीतभर खाली घेतला, दिवा डावीकडून उजवीकडे नेला. त्या रात्री भाऊ पुन्हा खाली गेला. या वेळी क्लिप आईला दाखवली, कोण आहे ते न सांगता. तिने चष्मा लावला, दोन सेकंद पाहिलं आणि म्हणाली, "अरे, हा पावसात विनाछत्रीचा का फिरतोय?"